सहा वर्षांचे गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांनी शाळेत शिकविले ते अवघी सहा वर्षे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० साली राजीनामा देऊन कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. पुढील वीस वर्षांत सत्याग्रही, कैदी, लेखक, संपादक अशी त्यांची अनेक रूपे महाराष्ट्राने पाहिली. परंतु नावापुढे कायमचे राहिले ते ‘गुरुजी’ हेच संबोधन. सहा वर्षांच्या नोकरीने वीस वर्षांच्या लोकसेवेवर आपला शिक्का उमटवावा, असे त्या सहा वर्षांत काय घडले होते?

त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी चाळल्या म्हणजे याचे उत्तर सापडते. त्या आठवणींत वर्गापेक्षा वसतिगृहच अधिक भरून राहिले आहे. वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मुलांना शिस्तीची व्याख्याने दिली नाहीत. मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, अस्ताव्यस्त पडलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या, आजारी मुलांच्या उशाशी बसून शुश्रूषा केली. आपले काम गुरुजी करतात हे पाहून मुले शरमली आणि आपण होऊन कामाला लागली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. पुढे ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत छात्रालयाचे हेच जग त्यांनी उभे केले. विद्यार्थी जसे गुरुजींना विसरले नाहीत, तसे गुरुजीही विद्यार्थ्यांना विसरले नाहीत.

शाळा सुटली, पण शिकविणे सुटले नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचना तरी कशी आहे? रोज रात्री मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आईची गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री! छात्रालयातील गोष्टीची वेळच जणू त्यांनी ग्रंथात आणून ठेवली. घरच्या माणसांशीही त्यांचे नाते असेच होते. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या पत्रांत फुले, पाखरे, पुस्तके, देशातील घडामोडी असे सारे काही येते. एका मुलीला लिहिलेली ती ‘सुंदर पत्रे’ पुढे असंख्य मुलांची झाली.

मात्र गुरुजींचे स्मरण करताना आपण एक अन्याय करीत आलो आहोत, असे आम्हांस वाटते. आपण त्यांचे अश्रू तेवढे लक्षात ठेवतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषणास बसलेला आणि १० मे रोजी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाल्यावरच ते सोडणारा माणूस केवळ हळवा नव्हता. छात्रालयात दुसऱ्याची खोली झाडणे आणि पंढरपुरात दुसऱ्यासाठी उपाशी राहणे, या दोन्ही कृतींमागील रीत एकच होती. समोरच्याला न दुखविता त्याच्या मनाला जाग आणण्यासाठी कष्ट स्वतः सोसायचे, ही ती रीत.

या रीतीची किंमतही मोठी होती. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. सर्वांचे दुःख वाहणाऱ्या या माणसाचे दुःख वाटून घेण्यात आपण सारेच कमी पडलो का, हा प्रश्न त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या मनातून कधीच गेला नाही. तो जाऊही नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. परंतु शिक्षकाचे खरे स्मारक त्याच्या विद्यार्थ्यांच्या सवयींत असते. कोणी न सांगता दुसऱ्याची खोली झाडायला जो उठतो, त्याने गुरुजींना पाहिलेले नसले, तरी तो त्यांचाच विद्यार्थी आहे.