कोबीचे पान आणि मनुष्याची औषधे



लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी झिणझिणी उठते ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मोहरीचा अख्खा दाणा हुंगून पाहावा तर त्याला जवळजवळ वासच नसतो. तो चिरडून त्याला पाण्याचा स्पर्श झाला म्हणजे मगच तो झणझणीतपणा प्रकट होतो. दाण्यात दोन द्रव्ये निरनिराळ्या कप्प्यांत साठविलेली असतात व ती एकत्र आली की तिखट तेल उत्पन्न होते. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा ही सारी मोहरीचीच भावंडे. त्यांच्या पानांतही हीच योजना आहे. किड्याने पान कुरतडले की कप्पे फुटतात आणि बहुतेक कीटक तेथून काढता पाय घेतात.

परंतु प्रत्येक किल्ल्याला एखादी चोरवाट असतेच. अॅम्स्टरडॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ फेरशाफेल्ट यांनी १९१० साली असे दाखवून दिले की, एरवी ज्या पानांना कोबीवरील फुलपाखराच्या अळ्या तोंड लावीत नाहीत, तीच पाने मोहरीच्या या द्रव्याने माखली असता त्या आवडीने खातात. शत्रूला हाकलण्यासाठी उभारलेले निशाणच कित्येक शत्रूंना आमंत्रण ठरले होते! या मंडळींत सर्वांत चिवट म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. लिनीअसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. पंख मिटून बसला असता पाठीवर फिकट चौकोनांची रांग दिसते, म्हणून हे देशी नाव. त्याच्या अळीच्या आतड्यात असे एक विकर असते की ते त्या द्रव्याचे तिखट तेल बनण्यापूर्वीच त्याला निरुपद्रवी करून टाकते. हे रहस्य उलगडण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले.

पानाचे शस्त्र थिटे पडले तेव्हा मनुष्य आपले शस्त्र घेऊन पुढे आला. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्यूलर यांना १९३९ साली आढळला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता किडींचे दिवस भरले, असे पुष्कळांना मनापासून वाटले. पण जावा बेटात, बांडुंग शहराजवळ, ज्वालामुखीच्या उतारावर लेंबांग नावाचे गाव आहे. तेथील थंड हवेत कोबीचे मळे पिकतात. त्या मळ्यांतील अळ्या डी.डी.टी.ला दाद देत नाहीत, हे अँकरस्मिट या संशोधकाने १९५३ साली प्रसिद्ध केले. पिकांवरील किडींमध्ये डी.डी.टी.ला पुरून उरण्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक होय.

हे घडते कसे? अळी औषध पचविण्यास शिकते असे नव्हे. हजारो अळ्यांत एखाद-दुसरी जन्मतःच वेगळी असते. फवारणीत बाकीच्या मरतात, ती उरते, आणि पुढच्या पिढीची ती जननी होते. उष्ण प्रदेशात ही पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होत असल्यामुळे वर्षाकाठी कितीतरी वेळा हीच निवड होत राहते. शेतकरी मात्र औषध कमी पडले असे समजून मात्रा वाढवितो, खर्च वाढवितो, आणि निवड अधिकच कडक करतो. पुढे एकामागून एक निघालेल्या औषधांचीही हीच गत झाली. जिवाणूपासून केलेले बी.टी. हे सौम्य व निर्धोक औषध तरी टिकेल अशी आशा होती. पण १९९० साली हवाई बेटांतील शेतांतून तेही निष्प्रभ होऊ लागल्याची वार्ता आली.

याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. या अळीच्या शरीरात अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी १९५० साली न्यूझीलंडहून जावात आणली होती. तिचे वंशज अळीला आतून पोखरतात. पण अळीसाठी मारलेले जहाल औषध या साहाय्यकालाही ठार करते. घरच्या पहारेकऱ्यावरच गोळी झाडावी तसे हे होते. पुढे बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोबीच्या ओळींमध्ये मोहरीच्या ओळी लावून पाहिल्या. पतंगाला मोहरी अधिक प्रिय असल्यामुळे तो तिकडे वळतो आणि कोबीवरील भार हलका होतो. जे द्रव्य आमंत्रण ठरले होते, त्याचाच येथे आमिष म्हणून उपयोग झाला.

यातील एकही उपाय रामबाण नाही, आणि एकाच बाणावर विसंबणे हीच लेंबांगची चूक होती. मोहरीच्या ओळी, गांधीलमाशी आणि क्वचित, बेताने मारलेले औषध यांची सांगड घालणारा शेतकरी ही लढाई अधिक काळ लढू शकतो. त्याला आपलाही थोडा हातभार लागतो. मंडईत चार छिद्रे पडलेला कोबीचा गड्डा पाहून आपण नाक मुरडतो आणि निष्कलंक गड्डाच उचलतो, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या हातात पंप कोण देते, याचा विचार आपण घरी अवश्य करावा.