दाद मागायची कुठे?

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच भरती-ओहोटीच्या वेळा पाहून चालते. बंदरात गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला फेऱ्या थांबतात, ही उरणकरांची जुनी तक्रार. जवळच्या घारापुरीवर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावे आहेत; तिथून होडीवाचून बाहेर पडताच येत नाही. रात्री घरात मार खाल्लेल्या बाईपुढे अशा जागी कायद्याच्या आधी वाटेचा प्रश्न उभा राहतो.

स्त्रियांच्या न्यायाचा इतिहासही बराचसा या 'कुठे'चाच इतिहास आहे. पलीकडच्या मुंबईत १८८४ साली दादाजी भिकाजींनी रखमाबाईंविरुद्ध नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. परंतु १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी 'नवऱ्याकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास' असा आदेश दिला. न्यायालयाची वाट तेव्हा सासरच्याच दाराशी संपत होती.

१९८३ साली दंड संहितेत ४९८-अ कलम आले आणि पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. मात्र फिर्यादीनंतर तिने राहायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते. ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिले. २६ ऑक्टोबर २००६ पासून त्याचा अंमल सुरू झाला. सामायिक घरात राहण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी आणि सामान्यतः तीन दिवसांत पहिली सुनावणी, या त्यातील मुख्य तरतुदी. त्याचे २७ वे कलम फारसे चर्चिले जात नाही. पण बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही तिला त्यानुसार अर्ज करता येतो. वीटभट्टीसाठी वा कोळसाभट्टीसाठी वर्षातले कित्येक महिने परगावी काढणाऱ्या रायगडच्या कातकरी स्त्रीला त्याचे मोल मोठे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रूपाली देवी प्रकरणात ४९८-अ बाबतही आसऱ्याच्या ठिकाणी तक्रार करण्यास मुभा दिली.

कागदावरचे अंतर असे सव्वाशे वर्षांत कमी होत गेले. वाटेवरचे मात्र उरलेच. तालुक्याला जायचे तर मजुरी बुडते, आणि लहान गावात होडीवाला नवऱ्याच्याच भावकीतला असू शकतो. संरक्षण अधिकारी नेमणे हे याच कायद्याच्या आठव्या कलमाने राज्य शासनावर टाकलेले कर्तव्य आहे. तो अधिकारी भरती पाहून बेटावर आणि हंगाम पाहून भट्टीवर स्वतः जाऊ लागेल, तेव्हाच २७ व्या कलमातील अक्षरांना अर्थ येईल.