मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी वर का चढतं? खरं कारण जाणून घ्या

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा ठेवलेला काचेचा ग्लास. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. ‘ऑक्सिजन संपला, म्हणून त्या जागी पाणी आलं,’ असं कारण अनेक व्हिडिओंत सांगितलं जातं. पण ते बरोबर नाही.

ऑक्सिजनचं कारण का पटत नाही?

हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. ज्योत विझते तेव्हा तो पूर्ण संपलेला नसतो, बराचसा शिल्लक असतो. शिवाय मेण जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वापरलेल्या तीन भाग ऑक्सिजनमागे साधारण दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आतली जागा फारशी रिकामी होत नाही.

मग खरं कारण काय?

ज्योतीमुळे आजूबाजूची हवा तापून प्रसरण पावते. ग्लास ठेवताना आणि ठेवल्यावर त्यातली काही हवा बाहेर निसटते. काठाशी बुडबुडे दिसतात ते याचेच. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचंही पाणी होतं. आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. पाणी आतून ‘ओढलं’ जात नाही.

स्वतः पडताळून पाहा

1. पाण्यात थोडी शाई टाका, म्हणजे पातळी नीट दिसेल.
2. पाणी कधी चढतं ते बघा. ऑक्सिजन कमी होतो तो ज्योत पेटलेली असताना, पण पाणी झपाट्याने चढतं ते ज्योत विझल्यानंतर.
3. आता त्याच ग्लासाखाली तीन लहान मेणबत्त्या लावा. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी जास्त उंच चढतं. कारण उष्णता वाढली, हवा जास्त तापली आणि जास्त हवा बाहेर गेली.

पाण्याची उंची मोजून ‘हवेत ऑक्सिजन एवढा’ असं वहीत लिहू नका. हा प्रयोग ऑक्सिजनचं प्रमाण दाखवत नाही. तो दाखवतो उष्णतेने होणारं प्रसरण आणि हवेचा दाब.

काळजी: मुलांनी हा प्रयोग मोठ्यांसोबतच करावा. केस आणि ओढणी ज्योतीपासून लांब ठेवा. जाड काचेचा ग्लास घ्या आणि तो थंड झाल्यावरच उचला.