रोजच्या मोटारीसाठी 'लोअरिंग स्प्रिंग'
मोटारीची उंची कमी करणाऱ्या 'लोअरिंग स्प्रिंग' मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड व अधिक ताठ असतात. रोजच्या वापरासाठी घट २५-३० मिलिमीटरपलीकडे नेऊ नये. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर असावी. प्रत्यक्षात हा निकष पाळला जातोच असे नाही! रिकामी असताना जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच असलेली मोटार अशा स्प्रिंगवर १४० मिलिमीटरवर येते आणि पाच प्रवासी बसताच आणखी दबते. भार वाढेल तशी ताठ होत जाणारी 'प्रोग्रेसिव्ह' स्प्रिंग शहरात सुसह्य ठरते. शॉक अॅब्सॉर्बर झिजलेले असल्यास तेही बदलावेत. काही गॅरेजांत मूळ स्प्रिंगच कापून दिली जाते. ते धोक्याचे आहे, कारण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेतील फेरबदलांवर बंधने घालते, हेही खरेदीपूर्वी पाहावे.