तळटीप : ऑल्टरनेटिव्ह रॉक

* ऑल्टरनेटिव्ह रॉक ही एक ठरावीक शैली असल्यासारखे लेखक येथे लिहितात. मुळात ती तशी नव्हती. १९८०च्या दशकात अमेरिकेत छोट्या लेबलांवर निघणारे आणि मुख्यतः विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओ केंद्रांवर वाजणारे रॉक या नावाखाली आले. म्हणूनच जॉर्जियातल्या अथेन्स गावच्या आर.ई.एम.ची किणकिणती गिटार आणि मिनेसोटातल्या हुस्कर ड्यूचा कर्कश वेग एकाच खणात बसले. पंकचा वारसा दोघांतही आहे, एवढेच साम्य. 'बिलबोर्ड'ने १९८८मध्ये अशा गाण्यांची वेगळी क्रमवारी सुरू केली, तेव्हाच बाजाराला वास लागला होता म्हणायचे. निर्वानाचा 'ब्लीच' (१९८९) सिॲटलच्या सब पॉप या लेबलसाठी जेमतेम ६०० डॉलरांत ध्वनिमुद्रित झाला. 'नेव्हरमाइंड' (१९९१) मात्र गेफेन या बड्या कंपनीच्या डीजीसी लेबलने काढला आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवले. आता पर्याय कोणाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा. लेखकाचे वर्णन या नंतरच्या, दुकानात स्वतंत्र कप्पा मिळालेल्या काळाला लागू पडते. – संपा.