कपाळावरचं कोडं: चाहत्यांच्या तर्कांची कुळकथा

डॉक्टर वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती नेमकी कुठं? ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) म्हणते, खांद्याला. तीनच वर्षांनी आलेल्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हाच गृहस्थ दुखरा पाय चोळत बसलेला दिसतो. आर्थर कॉनन डॉयल लिहिण्याच्या घाईत मागचं विसरले, यापलीकडे त्यात काही नाही. पण १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुणानं एक निबंध वाचला आणि हे सरळ उत्तरच बाद ठरवलं. त्या काळी बायबलचे अभ्यासक ग्रंथातल्या विसंगती हेरून कुठला भाग कुणाच्या हातचा असेल याचे तर्क लढवत. पुढं स्वतः धर्मगुरू झालेल्या नॉक्सला त्या पद्धतीची टर उडवायची होती, म्हणून त्यानं ती शेरलॉक होम्सच्या कथांना लावली, वर काल्पनिक जर्मन पंडितांचे दाखलेही दिले.

टर बाजूला राहिली आणि खेळ मात्र रुजला. खुद्द डॉयल यांनी नॉक्सला पत्र लिहून, या मजकुरावर कुणी इतकी मेहनत घ्यावी याचं नवल व्यक्त केलं. वॉटसनचं नाव जॉन, मग एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणून हाक का मारते? डोरोथी सेयर्स या रहस्यकथाकार बाईंनी उत्तर काढलं: त्याच्या नावातला ‘एच’ हेमिशचा असणार आणि हेमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. खेळाचा नियम एकच. लेखक चुकला असं म्हणायचं नाही, उत्तर कथेच्या आतूनच काढायचं. (विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, हा इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’मधला तर्क अर्थातच वेगळ्या तोलामोलाचा, पण ग्रंथातलेच धागे ओढून ग्रंथानं न सांगितलेलं काढण्याची ओढ मला तरी त्याच कुळातली वाटते.)

विज्ञानकथेत हा खेळ आला तो पत्त्यांमुळे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं आणि वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचे पूर्ण पत्तेही छापले. झालं, वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहायला लागले. पत्रांतून मंडळं निघाली, मंडळांतून हौशी नियतकालिकं. १९३० मध्ये शिकागोहून निघालेलं ‘द कॉमेट’ हे त्यातलं पहिलं मानलं जातं. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तर्क काय, एकट्यानंही करता येतो. पण तो खोडून काढणारा कुणी भेटल्याशिवाय त्याला धार चढत नाही. तशी माणसं मासिकानं आयती जोडून दिली.

टीव्हीवरची मालिका या मंडळींच्या हाती लागली ती १९६६ मध्ये. जीन रॉडनबेरी हे निर्माते ‘स्टार ट्रेक’ची चित्रफीत घेऊन क्लीव्हलंडच्या जागतिक संमेलनात गेले आणि प्रक्षेपणाच्या आधीच चाहत्यांना ती दाखवून आले. ८ सप्टेंबरला एनबीसीवर मालिका सुरू झाली. तीन हंगाम, ७९ भाग. १९६८ साली ती बंद पडायच्या बेतात असताना जॉन आणि बिजो ट्रिम्बल या दांपत्यानं पत्रमोहीम उभी केली आणि तिसरा हंगाम पदरात पाडून घेतला, ही हकिगत बहुतेकांनी ऐकलेली असते. मला त्याहून त्या काळातल्या बघण्याच्या रीतीचं अप्रूप जास्त.

घरात व्हिडिओ नव्हता. भाग एकदा लागून गेला की गेला. पुनःप्रक्षेपण होईल तेव्हा होईल. मग कुणी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नुसते संवाद मुद्रित करी, कुणी मांडीवर वही घेऊन बसे. डोरोथी जोन्स या चाहतीनं भागांतल्या नावांची, ग्रहांची, यंत्रांची टिपणं कार्डांवर उतरवली. त्यातूनच पुढं ट्रिम्बल बाईंचा ‘स्टार ट्रेक कॉन्कॉर्डन्स’ उभा राहिला. १९६९ साली हौशी प्रकाशन म्हणून निघालेला हा कोश पुढं बाजारातही आला. कॉन्कॉर्डन्स हे नावसुद्धा बायबलच्या शब्दसूचीकडून उचललेलं. नॉक्सची टर अशी फिरून पुन्हा धर्मग्रंथाच्याच दाराशी आली, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं.

१९६७ मध्ये ब्रुकलिनहून ‘स्पॉकनेलिया’ निघालं. ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं हे पहिलं हौशी नियतकालिक, सायक्लोस्टाईल केलेलं. पहिल्याच अंकात, मालिकेतल्या स्पॉक या व्हल्कन पात्राची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांचं पत्र होतं. बाकीचा मजकूर व्हल्कन ग्रहावरच्या माणसांची शरीररचना, मन, चालीरीती यांवरच्या गंभीर चर्चेचा. मालिकेनं दिलेलं कण दोन कण, चाहत्यांनी रांधलेलं ताटभर! याच अंकात जोन्स यांनी व्हल्कन भाषेतला एक शब्द घडवला, ‘नी वार’. एकाच गोष्टीची दोन रूपं शेजारी ठेवून पाहणाऱ्या कलाप्रकाराचं हे नाव. २००१ साली सुरू झालेल्या ‘एंटरप्राइज’ मालिकेत एका व्हल्कन यानाचं नाव ‘नीवार’ निघालं. २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी’ मालिकेनं तर खुद्द व्हल्कन ग्रहाचंच नाव बदलून ‘नीवार’ केलं. सायक्लोस्टाईलच्या शाईतून निघालेल्या शब्दाला अख्खा ग्रह मिळाला.

निर्मात्यांनी चाहत्यांचं ऐकावं की नाही, हा मात्र अमेरिकेत पैशांचा आणि वकिलांचा प्रश्न. ‘माझी कल्पना चोरली’ असा दावा उद्या कुणी ठोकेल, या धास्तीनं स्टुडिओ बाहेरून आलेली कथानकं न वाचताच परत पाठवतात. ‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की नव्वदच्या दशकात इंटरनेटवर चाहत्यांशी थेट बोलायचे. अट एकच, कथाकल्पना सुचवायच्या नाहीत. एकानं सहज बोलता बोलता एक कल्पना मांडली: स्मृती पुसून टाकलेल्या गुन्हेगाराला आपला भूतकाळ कळला तर? नेमका तसाच भाग स्ट्रॅझिन्स्की यांच्या डोक्यात होता. तो अडकून पडला. त्या चाहत्यानं माझा काही दावा नाही असं रीतसर लिहून दिलं, तेव्हा कुठं ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ हा भाग १९९५ मध्ये दाखवता आला.

पुढच्या पिढीच्या मालिकांनी कोडी मुद्दाम पेरायला सुरुवात केली. ‘लॉस्ट’ (२००४ ते २०१०) सहा हंगाम त्याच खुराकावर चालली. ‘वेस्टवर्ल्ड’च्या पहिल्या हंगामातलं मोठं रहस्य प्रेक्षकांनी २०१६ मध्ये आधीच ओळखलं, तेव्हा २०१८ साली निर्मात्यांनी दुसऱ्या हंगामाचं सगळं गुपित फोडणारी चित्रफीत देतो असं जाहीर केलं, लोकांनी उघडून पाहिली तर थोड्या गाण्यानंतर पियानोसमोर बसलेला कुत्रा, वीसेक मिनिटं. खट्याळपणा म्हणून झकास. पण पेरलेलं कोडं सोडवण्यात परीक्षेचा वास येतो. उत्तर कुणाच्या तरी खणात आधीच तयार असतं, आपण फक्त लवकर पोचायचं. खरी मौज निर्मात्यांच्या हलगर्जीतून पडलेल्या भोकांत. उदाहरण द्यायचं तर क्लिंगॉनांच्या कपाळाचं देईन.

क्लिंगॉन हे ‘स्टार ट्रेक’मधले लढवय्ये शत्रू. १९६७ मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा रंगभूषा बेताची होती: चेहऱ्याला काळपट रंग, टोकदार भुवया, मिशा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसले तेही हेच. मग १९७९ मध्ये चित्रपट आला, हाताशी पैसा आला आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. रॉडनबेरींची भूमिका सोपी: ते आधीपासून असेच होते, तेव्हा आम्हाला परवडलं नाही.

हे उत्तर नॉक्सच्या नियमात बसत नाही, तेव्हा चाहत्यांनी ते नाकारलं. कुणी म्हणालं, क्लिंगॉनांचे वंश दोन. जॉन एम. फोर्ड यांनी १९८४ च्या कादंबरीत माणसाचा अंश मिसळलेले क्लिंगॉन कल्पिले. कुणी रोगाकडे बोट दाखवलं. दोन वंशांचा तर्क बरीच वर्षं तगून होता, पण १९९४ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेनं साठच्या दशकातले तीन क्लिंगॉन परत आणले. तीच पात्रं, तेच नट, फक्त आता कपाळावर उंचवटे! एकाच माणसाला दोन वंश असणार कसे? तर्क जागीच कोसळला.

दोन वर्षांनी, ‘स्टार ट्रेक’ला तीस वर्षं झाली म्हणून, याच मालिकेतली माणसं काळाच्या मागं जाऊन १९६७ मधल्या एका जुन्या भागात शिरतात. सोबत वॉर्फ, उंचवटेवाला क्लिंगॉन. समोर त्याचेच जातभाई, कपाळं सपाट. सहकारी गोंधळून त्याच्याकडे बघतात. एक विचारतो, ही जनुकीय करामत की काय? दुसरा विचारतो, विषाणू? वॉर्फ तोंड वाकडं करून सांगतो की या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही. चाहत्यांचे तर्क असे पात्रांच्याच तोंडी आले, आणि पटकथाकारांनी त्यांना उत्तर न देताच वाटेला लावलं. या विषयावरचा हा सर्वांत हुशार क्षण, असं माझं मत आहे.

तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण फेब्रुवारी २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’नं लागोपाठ दोन भाग खर्चून खुलासा केला. क्लिंगॉन शास्त्रज्ञ माणसांच्या सुधारित जनुकांवर प्रयोग करतात, त्यातून विषाणू पसरतो, उपायानं जीव वाचतात पण कपाळं सपाट होतात. म्हणजे १९९६ मधले दोन्ही प्रश्नकर्ते बरोबर. मालिका बंद होणार हे त्याच महिन्यात जाहीर झालं होतं. जाता जाता जुनी उधारी फेडावी तसा हा खुलासा. गोष्ट म्हणून ती ठीकठाक, वॉर्फच्या त्या एका वाक्याइतकी रंगत तिच्यात नाही.

२०१७ साली ‘डिस्कव्हरी’ आली आणि तिनं क्लिंगॉनांचा चेहरामोहरा पुन्हा बदलला. या खेपेला कपाळावरचे उंचवटे शाबूत होते, डोक्यावरचे केसच गेले होते. चाहते पुन्हा कामाला लागले. २०१९ च्या दुसऱ्या हंगामात केस परत आले.