काचीगुड्याची प्यूजो

हैदराबादला जाणारा माणूस चारमिनार बघतो, बिर्याणी खातो आणि परत येतो. मी यावेळी चौमहल्ला पॅलेसमधली पिवळी रोल्स-रॉइस बघायला गेलो होतो. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली आणि १९११ साली ते वारले. गाडी मिळाली सातव्या निजामाला. मागच्या बाजूला साध्या सीटऐवजी चक्क सिंहासन! आणि एवढा थाट करून ती उभ्या आयुष्यात धावली किती, तर जेमतेम साडेतीनशे मैल.

संध्याकाळी काचीगुड्याला आलो. तिथे माझ्या आतेबहिणीचे सासरे राहतात. मूळचे नांदेडचे, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. सिंहासनाचं वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात बसून काय करायलाव? चला, आमच्या गाडीत बसा."

आमची गाडी म्हणजे प्यूजो ३०९, डिझेल, १९९६ सालची. आजच्या पोरांनी हे नावही ऐकलेलं नसेल. पण ती आपल्या कल्याणला बनत असे, हे किती मराठी माणसांना आठवतं? प्रीमियर पद्मिनीवाल्या प्रीमियर कंपनीने फ्रेंच प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९४च्या सुमारास या गाड्या कल्याणहून बाहेर पडू लागल्या. फ्रान्समध्ये ही मध्यमवर्गीय घरातली गाडी. तीही खरं तर टॅल्बो नावाने निघायची होती, ऐनवेळी प्यूजोचा शिक्का बसला. तिकडे ती बंद होत असताना इकडे आली आणि ॲम्बॅसॅडर, पद्मिनीला कंटाळलेल्या आपल्या देशात साहेबाची गाडी झाली. मोठे डॉक्टर, कारखानदार, बँकेचे मॅनेजर ती घेऊ लागले.

हे फार दिवस चाललं नाही. प्रीमियरने त्याच वेळी कुर्ल्यात फियाटशी दुसरा घरोबा केला, तो प्यूजोला रुचला नाही. कामगारांचे तंटे, पैशांची ओढाताण... १९९७ साली फ्रेंच मंडळी निघून गेली. घेणाऱ्यांच्या दारात राहिल्या त्या पोरक्या गाड्या.

मग अशी गाडी माणूस ठेवतो कशाला? ॲव्हरेज म्हणावं तर आजच्या गाड्या जास्त देतात. विकायला काढली तर भंगारवाल्याचाच भाव. मी काकांना हेच विचारलं. ते काही बोलले नाहीत. काकूंना मागे बसवलं, मला पुढे, आणि गाडी चादरघाटाच्या पुलाकडे काढली.

मलकपेटेच्या रस्त्यावर मला उत्तर कळलं. खड्डा दिसतो, आपण सवयीने पोटात गोळा आणून बसतो, आणि गाडी त्यावरून नाव लाटेवरून जावी तशी जाते. इंजिनाची डिझेली खडखड ऐकू येते, पण पाठीला काही कळत नाही. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्याला आता बारा वर्षं झाली. मुलाची नवी उंच गाडी आहे, तिच्यात काकू बसत नाहीत.

फ्रेंचांना ही विद्या का साधली? तिकडचे जुने रस्ते घडीव दगडांचे, खेड्यातले तर विचारूच नका. त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवायची आणि चाकाला वर-खाली व्हायला भरपूर वाव द्यायचा, ही त्यांची रीत पडली. सित्रोएनने १९५५ साली डीएस आणली, तिच्यात तर पोलादी स्प्रिंगच नव्हती. तेल आणि वायू यांवर गाडी तरंगायची. ते डोकं पॉल माजेस यांचं, आणि त्यांच्याकडे इंजिनियरची पदवीसुद्धा नव्हती! पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्याच दिवशी बारा हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. १९६२ साली द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी डीएस त्यांना घेऊन निसटली. काकांच्या प्यूजोत एवढं काही नाही. पण प्यूजो आपले शॉकॲब्सॉर्बर स्वतः बनवायची, बाहेरून आयते घेत नव्हती. तिच्या गाड्यांचा मऊपणा त्यातूनच आलेला.

आपल्या रस्त्यांना याच गाड्या शोभल्या असत्या. पण आपण गाडी घेताना लिटरला किती आणि विकताना किती एवढंच बघतो. आराम कागदावर येत नाही, तो बसल्यावरच कळतो. आमच्या गोव्यात मुक्तीनंतरही कित्येक वर्षं पोर्तुगीज काळातल्या मर्सिडीझ टॅक्सी म्हणून फिरत होत्या. त्यांत बसलेली आमची पिढी हे चटकन समजेल.

आम्ही चाललो होतो मुसारामबागेला. हे नाव एका फ्रेंचाचं आहे बरं का! मिशेल रेमाँ १७७५ साली पाँडिचेरीत उतरला, पुढे निजामाचा सेनापती झाला. हैदराबादेत तोफा ओतायचा कारखाना काढला, त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात. लोकांनी त्याचा मुसाराम केला. १७९८ साली तो वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याची फौज मोडली. टेकडीवरच्या त्याच्या समाधीच्या सुळक्याखाली काका म्हणाले, "हे पण आपल्या प्यूजोवालेच. गेले, पण नाव राहिलं."

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नवी करून घ्यावी लागते. ती मुदत यंदा संपते. मुलगा म्हणतो, आता पुरे, फी वाढली, पार्ट मिळत नाहीत. काकांनी डिकी उघडून दाखवली. वर्तमानपत्रात बांधलेले क्लचप्लेट, रबरी बुश, एक हेडलाइट... कल्याणचा कारखाना बंद पडल्यावर मुंबईहून आणलेले. त्यातला एकच बुश उरलाय, तो संपला की बघू, म्हणाले.

परतताना चादरघाटावर गाड्या तुंबल्या होत्या. मी मागे वळून पाहिलं. काकूंना झोप लागली होती.